निशाणी सत्तेचाळीस

माझी चादर सध्या कोर्टात आहे.
तीन हिवाळे झाले.

तसं सोलापुरात थंडीचं काही कौतुक नाही.
डिसेंबरातले पंधरावीस दिवस, पहाटे तेवढं बोचतं.
मग मी टॉवेल पायावर ओढते
आणि रेकॉर्ड रूममधल्या तिला म्हणते,
झोप बाई, तुझी साक्ष झाली.

नायना गेले दोन हजार बाराच्या श्रावणात.
मागे दाजी पेठेतलं शेड, सहा माग, वर जकार्ड,
भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळा खुंटीला.
दिवसाच्या जेवणावर नरहरी म्हणाला,
"अक्का, तुझं सगळं लग्नातच दिलंय."
मी पान घेतलं, सुपारी घेतली, घरी आले.
हजार विड्या वळायच्या राहिल्या होत्या.

सहा महिन्यांनी कळलं,
अक्कलकोट रोडला नरहरीचे टॉवेल निघतात,
मागांना नवा रंग, शेडला नवं कुलूप,
आणि वारसाच्या कागदावर तो एकटा,
नायनांना जशी लेक झालीच नव्हती.

माशाळ वकीलबाई म्हणाल्या, काय काय होतं, सांगा.
मी बोटं मोजत गेले, त्या लिहीत गेल्या.
म्हटलं, नायनांची बसायची फळी पण लिहा.
"किंमत?"
मी गप्प.
त्यांनी लिहिलं, अंदाजे रुपये शंभर.

नरहरीनं बिल आणलं. मार्च, दोन हजार नऊ.
नायनांनीच म्हणे माग त्याला विकले,
खाली सही. अगदी नायनांसारखी.
पण नायना बिंगी लिहिताना
जन्मभर अनुस्वार विसरले,
आणि या सहीच्या डोक्यावर तो होता,
ठळक, गोल, नवा.
बाई हसल्या. म्हणाल्या, एका टिंबावर दावा उभा राहत नाही,
अजून काही?

रोज पांघरायचे म्हणून दिसली नव्हती.
थोरलीच्या लग्नात नायनांनी मला दिलेली,
मोराची, आणि कोपऱ्यात
त्यांनी स्वतः पुठ्ठा कापून विणलेलं नाव:
इ. म. बिगी २०११.

समोरचे वकील उठले. चादर काय कागद आहे?
बाई म्हणाल्या, ज्यावर अक्षर तो दस्तऐवज,
मग ते पाटीवर असो की सुतावर.
एक टोक शिरस्तेदाराकडे, एक शिपायाकडे,
मोर पसरला टेबलापासून पिंजऱ्यापर्यंत
आणि कोर्टभर तंबाखूचा वास.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं,
धुऊन तरी आणायची.
समोरचे वकील मागच्या बाजूला उभे होते,
तिथं रंग उलटे, अक्षरं उलटी.
"यावर काहीच वाचता येत नाही."
साहेब म्हणाले, "इकडून या."

मग नरहरीला विचारलं, ही कुणी विणली?
पंखा फिरत होता.
या चादरीच्या कांड्या त्यानंच भरल्या होत्या,
रात्री दोन वाजेपर्यंत, भाचीचं लग्न म्हणून.
"नायनांनी."
"कुठल्या मागावर? ते तर तुम्ही दोन वर्षांपूर्वीच
विकत घेतले होते ना?"
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
लहानपणी कांडी तुटली की पाहायचा, तसं.
मी खाली बघितलं.

निम्मा हिस्सा लागला. त्यानं अपील केलं.
चादर परत मागितली, तर कारकून म्हणाला,
निशाणी सत्तेचाळीस, अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाही.
तोवर मंगळवार बाजारातून टॉवेल घेतला.
घरी येऊन लेबल बघते तर
नरहरीच्याच कारखान्याचा. बरा आहे. जरा आखूड पडतो.

परवा तारखेला जिन्यात तो भेटला,
चष्मा लागलाय त्याला. थांबला.
"अक्का, रेकॉर्ड रूममध्ये उंदीर झालेत म्हणे.
डांबरगोळ्या टाकायला सांग की कुणाला तरी."

मी म्हटलं, तूच सांग.
चादर माझी आहे,
पण अपील तुझं आहे.